न आलेला ताप

१

ज्या माणसाला ताप नव्हता त्याला ताप आहे म्हणून रुग्णालयातून घरी पाठवलं, आणि ज्या किडनीसाठी तो वर्षानुवर्षं थांबला होता, ती त्याच दिवशी शेजारच्या शहरात एका मंत्र्यांच्या मेहुण्याला बसवली गेली.

तक्रार एवढीच होती. ती त्या माणसाच्या बायकोने केली होती, आणि ती तोंडी सांगायला स्वतः अवयवदानाच्या देखरेख समितीसमोर येऊन बसली होती.

"सकाळी फोन आला, किडनी मिळतेय, लगेच या," काकू सांगत होत्या. "हे पुढे गेले. मी मागून कपडे, औषधं भरून निघणार होते. पिशवीची चेन लावतेय तोवर हे दारात परत! म्हणे, ताप निघाला. मी कपाळाला हात लावला. थंडगार! घरात थर्मामीटर आहे, तोही लावला. काही नाही. मग चार दिवसांनी पेपरात वाचलं की मंत्र्यांच्या मेहुण्याला नवी किडनी मिळाली. आता तुम्हीच सांगा, आम्ही काय दुधखुळे आहोत?"

समितीत डॉक्टर होते, वकील होते आणि नियमाप्रमाणे एक सदस्य बाहेरचा, साधा नागरिक होता. म्हणजे बाई. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गावभर त्यांना 'बाई'च म्हणत. बैठकीत त्या फारसं बोलत नसत. वर्गात मुलं चूक एकमेकांवर ढकलतात तेव्हा जशा गप्प बसून सगळ्यांचे चेहरे बघायच्या, तशाच इथेही बघत.

"प्रकरण सरळ आहे," वकील म्हणाले. "त्या रुग्णालयातल्या समन्वयक ताईंनी ताप दाखवला, मेहुण्याचा रस्ता मोकळा केला. त्यांना घरी बसवलंच आहे. शुक्रवारी कायमचं काढून टाकू, म्हणजे लोकांचा राग शांत होईल."

"लोकांचा राग शांत करायला बसलोय आपण, की ताप कुठून आला ते शोधायला?" बाईंनी विचारलं.

असा प्रश्न विचारणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं, हे बाईंना ठाऊक होतं. तसंच झालं.

उठताना काकू हळूच म्हणाल्या, "बाई, एक सांगू? यांना ही तक्रार नकोच होती. म्हणतात, जाऊ दे, कशाला कुणाच्या पोटावर पाय. स्वतःची किडनी गेली आणि माणूस म्हणतो जाऊ दे! मला तर कधी कधी यांचीच शंका येते."

काकू बोलून गेल्या. बाईंच्या मनात मात्र ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

२

समन्वयक ताई दार उघडायला वेळ लावत होत्या. आधी पडदा हलला, मग कडी वाजली.

"माफ करा. हल्ली कोण येईल सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "शेजारीण परवा जिन्यात विचारत होती, किडनीचा भाव काय चाललाय."

ताईंचं काम अवघड होतं. अतिदक्षता विभागात एखाद्याचा मेंदू मरण पावला की त्याच्या घरच्यांपाशी बसायचं, रडू द्यायचं, आणि योग्य वेळी विचारायचं की त्याचे अवयव दुसऱ्या कुणाला देता येतील का. घरच्यांनी होकार दिला की राष्ट्रीय केंद्राला कळवायचं. तिथून अवयव कुणाला द्यायचा ते ठरतं. आणि आपल्याच रुग्णालयातल्या रुग्णाचा क्रम लागला, तर त्याला बोलावून तपासायचं कामही ताईंचंच.

"माझी नोकरी जाईल ते जाऊ दे," त्या म्हणाल्या. खोटं बोलत होत्या. "पण बातमी आल्यापासून दोन घरांनी दिलेला होकार मागे घेतला. एका बापाने माझ्या जागी आलेल्या मुलीला तोंडावर विचारलं, माझा मुलगा कुठल्या मेहुण्याला विकणार? बाई, मी चोर ठरले तर पुढे कुणी विश्वासाने हो म्हणणारच नाही."

"त्या सकाळचं सांगा. न गाळता."

"काका आले. बाकावर बसवलं. म्हणाले, रात्रीपासून अंग मोडून आलंय, थंडी वाजते. मी डॉक्टरांना बोलवायला गेले. परत येऊन थर्मामीटर झटकला, काकांच्या जिभेखाली ठेवला. पारा चांगलाच वर चढला होता. डॉक्टरांनीही पाहिला."

"तुम्ही त्यांना हात लावला होता?"

"उठताना हात दिला होता ना. हात तर..." ताई थांबल्या. "थंड होते."

"मग शंका नाही आली?"

"आली असती तरी काय? नवी किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून अशी औषधं देतात की माणसाची रोगाशी लढायची ताकदच कमी होते. अंगात जंतू असताना ती औषधं दिली तर माणूस टेबलावरून उठायचा नाही. आणि रक्ताच्या तपासण्यांची वाट बघावी, तर किडनी थांबत नाही. बर्फात ठेवलेली असते, तिचा जीव चाललेला असतो."

उत्तर बिनतोड होतं. बाईंना नेमकं तेच आवडलं नाही. वर्गात इतकं बिनतोड उत्तर बहुधा घोकून आलेलं असे.

"तुम्ही डॉक्टरांना बोलवायला गेलात, तेव्हा काकांजवळ कोण होतं?"

"कुणीच नाही."

३

काकांना तपासणारे डॉक्टर बाईंना पाहताच उभे राहिले आणि त्यांचे हात आपोआप खिशांतून बाहेर आले.

"बस, बस," बाई म्हणाल्या. "शाळा सुटली आता. चाचणीच्या दिवशी नेमका आजारी पडणारा मुलगा डॉक्टर होईल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते."

"बाई, नर्स ऐकतायत."

"ऐकू दे. माझा विद्यार्थी म्हणून तुला सूट मिळणार नाही, एवढं त्यांनाही कळू दे. मंत्र्यांचा मेहुणा तुझ्या ओळखीचा?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "एकदा तपासलंय. दोन वर्षांपूर्वी. मग ते दुसऱ्या शहरात गेले."

"आणि हे तू कुणाला सांगितलं नाहीस."

"कुणी विचारलं नाही."

'कुणी विचारलं नाही.' बाईंनी हे वाक्य आयुष्यभर ऐकलं होतं. फुटलेल्या काचेच्या शेजारी उभी राहिलेली मुलं हेच म्हणतात.

"काकांची नाडी पाहिलीस?"

"हो. संथ होती."

"ताप इतका चढलेला आणि नाडी संथ?"

डॉक्टर आत्ता कुठे खुर्चीत बसले. मग म्हणाले, "पारा वर दिसल्यावर मी बाकी सगळं त्या पाऱ्याच्या मागे ढकललं, बाई."

तेवढ्यात बाहेरच्या बोळातून आवाज चढला. डायलिसिस विभागाच्या वयस्कर सिस्टर एका सफाई कामगाराला झापत होत्या. "पुन्हा जर माझ्या कुंडीत कुणी काही ओतलं ना, तर त्यालाच कुंडीत लावीन!"

बाई बाहेर गेल्या. बाकाच्या टोकाला, खिडकीखाली एक वेल होता. पानं पिवळी पडली होती आणि मातीवर मुंग्यांची रीघ लागली होती.

"काय ओतलं?"

"चहा! दुधा-साखरेचा, अख्खा पेला. रिकामा कागदी पेलाही मातीत खोचून ठेवलेला. मी म्हणते, प्यायचा नव्हता तर घेतला कशाला?"

"कधीची गोष्ट?"

"ते मंत्र्यांचं प्रकरण झालं ना, त्याच सकाळची. त्या गोंधळात माझ्या झाडाकडे कोण बघतंय!"

बाईंनी बाकाकडे पाहिलं. इथेच काका एकटे बसले होते. त्या बराच वेळ मुंग्या बघत उभ्या राहिल्या.

४

राष्ट्रीय केंद्राच्या इमारतीत बाहेरून काही कळू नये अशीच सगळी रचना होती. काचा धुरकट, दारावर पाटी छोटी. तिथला अधिकारीही तसाच. बोलताना ओठ जेमतेम हलवायचा.

"नावं सांगता येणार नाहीत," त्याने सुरुवातच तिथून केली.

"नावं नकोच आहेत. ती पेपरवाल्यांनी सांगितलीत. मला एवढंच दाखवा, की मेहुणा वर कसा आला."

अधिकाऱ्याने बाईंकडे जरा नव्याने पाहिलं. "बाई, सगळ्यांना वाटतं इथे एक लांबलचक रांग आहे, आणि आम्ही कुणाला तरी मधे घुसवतो. रांग नाहीच आहे. दरवेळी किडनी येते, तिचा रक्तगट असतो, तिच्या पेशींची ठेवण असते. ती कुणाशी किती जुळते, तो माणूस किती वर्षं थांबलाय, त्याचं वय काय, तो किती लांब आहे, हे सगळं बघून यंत्र त्या किडनीपुरता क्रम लावतं. पुढची किडनी आली की तो क्रम मोडला, दुसरा लागला."

"म्हणजे दरवेळी वर्गात नव्याने बाकं लावल्यासारखं."

"तसंच काहीसं."

"मग त्या दिवशीची बाकं पुन्हा लावून दाखवा."

त्याने कुरकुर केली. कुणाची परवानगी लागेल, कुणाची सही. बाई छत्री मांडीवर घेऊन बसून राहिल्या. शेवटी त्याने पडद्यावर नावांच्या जागी नुसते आकडे ठेवून क्रम लावला. काका पहिले, मेहुणा दुसरा. पुन्हा लावला, तेच. काकांना 'सध्या अयोग्य' केलं की मेहुणा वर.

"त्याची बहीण मंत्र्याला दिलीय हे यंत्राला माहीत नाही," अधिकारी म्हणाला. "त्याच्या पेशी जुळल्या, बस्स."

म्हणजे इथे कुणी हात घातला नव्हता. सगळ्या वाड्याला दार एकच होतं, आणि ते दार म्हणजे ताप.

"काकांच्या रुग्णालयातलं दुसरं कुणी होतं का वरच्या नावांत?"

"जवळपासही नाही."

"आणि ज्याला असा ताप येतो, त्याचं पुढे काय?"

"बरा झाला की पुन्हा सुरू. थांबलेली वर्षं कुणी पुसत नाही."

बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "हा क्रम आधी कुणाला कळू शकतो? समन्वयकांना?"

अधिकाऱ्याचे ओठ पहिल्यांदा नीट हलले. "आपल्या रुग्णाचा क्रम लागला एवढंच कळतं. पुढचा कोण, ते नाही. आणि तसं कुणाला कळलं असेल, तर बाई, आमच्या घरातच चोर आहे."

५

डायलिसिसच्या खोलीत खुर्च्या ओळीने होत्या. आठवड्यातून तीनदा तीच माणसं, त्याच खुर्च्यांवर. शेजारच्याच्या घरात काय शिजलं ते सुद्धा सगळ्यांना पाठ. काकांची खुर्ची आज रिकामी होती. शेजारच्या खुर्चीवर एक हडकुळी मुलगी यंत्राला जोडलेली होती आणि मांडीवर पुस्तक घेऊन अभ्यास करत होती. तिला सगळे चिमणी म्हणत.

"काकांबद्दल विचारायचंय ना?" तिनेच सुरुवात केली. "त्यांच्यामुळे मी इथे टिकलेय. तिकीट खिडकीवर जन्म गेला त्यांचा. काय एकेक गोष्टी सांगतात! रांग मोडणाऱ्याला म्हणे ते न ओरडता नुसतं बघायचे, की तो आपोआप मागे जायचा."

"तुझी त्यांची ओळख इथलीच?"

"नाव नोंदवलं त्या दिवसापासूनची. मी त्यांच्या मागेच उभी होते. रक्तगटही एकच निघाला. काका म्हणाले, आपण एकाच गाडीचे प्रवासी."

"आणि त्या दिवशी? काकांना परत पाठवलं तेव्हा?"

चिमणीने पुस्तक मिटलं. दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"बाई, कुणाला सांगणार नाही ना? काकांचा फोन आला होता मला. रुग्णालयातूनच. म्हणाले, चिमणे, पिशवी भरून ठेव. काही खाऊ नकोस. आता तुझाच फोन वाजणार."

बाईंनी आपलं स्टूल जवळ ओढलं.

"मग?"

"संध्याकाळपर्यंत बसले पिशवी घेऊन. नाही वाजला. दुसऱ्या दिवशी काकांना विचारलं, तर ते माझ्याकडे बघेनातच. तेव्हापासून इथेही दुसऱ्या वेळेला येतात." तिचे डोळे भरले. "मी त्यांचं काय वाईट केलं?"

पुढचा कोण हे केंद्राबाहेर कुणालाही कळत नाही. आणि बाकावर बसलेल्या एका रुग्णाला ते 'माहीत' होतं. मग कुणी सांगितलं? ताईंनी?

शुक्रवार उद्यावर आला होता.

६

बाईंनी त्या दिवशी दुपारची झोप घेतली नाही. खिडकीशी बसून, पूर्वी पेपर तपासायच्या तशी एकेक गोष्ट तपासत गेल्या. उत्तर चुकलं तर पोराने ते कुठे चुकवलं हे शोधायची त्यांना जुनी खोड होती. योग्य उत्तर दुसऱ्याकडून उतरवता येतं. चूक मात्र ज्याची त्याची असते.

आणि काकांचं उत्तर चुकलं होतं!

बाई ताडकन उठल्या आणि थेट काकांच्या घरी गेल्या. काकूंनी दार उघडलं, पाणी दिलं, चहा टाकायला आत गेल्या.

काका आरामखुर्चीत बसले होते. सुजलेले पाय, शांत चेहरा. त्यांच्या शेजारी दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत मोजून ठेवलेलं. तेवढंच प्यायचं, घोट घोट.

"तुम्हाला चहा चालतो?" बाईंनी विचारलं.

"घोटभर. तोही ही देईल तेव्हा. आमच्या अंगातून पाणी बाहेर जात नाही ना, म्हणून."

"मग त्या सकाळी अख्खा पेला कशाला घेतलात?"

काकांनी पाण्याची बाटली जवळ ओढली.

"सिस्टरच्या कुंडीला मुंग्या लागल्यात. दुसऱ्या कुणी चहा घेतला असता तर प्यायला असता. ज्याला गिळायची परवानगी नाही, तोच ओतून टाकतो. ताई डॉक्टरांना बोलवायला गेल्या, तेवढ्यात तुम्ही कढत घोट तोंडात धरलात. जिभेखाली पारा चढला. हात थंड राहिले, नाडी संथ राहिली. काका, माझ्या वर्गात चाचणीच्या दिवशी हे दर वर्षी एक तरी पोर करायचं. तुम्हाला तपासणारा डॉक्टर, तो तर त्यात पटाईत होता."

काका हसले नाहीत.

"मला वाटलं, तुम्ही जागा विकलीत. मग वाटलं, ताईंनी तुम्हाला पुढचं नाव सांगितलं, कारण तुम्ही चिमणीला फोन केलात. पण ताईंना खरंच आतली खबर असती आणि त्यांनी ती तुम्हाला दिली असती, तर तुम्ही चिमणीला पिशवी भरायला सांगितलीच नसती. कारण पुढचं नाव तिचं नव्हतंच. तुम्ही चुकलात, म्हणूनच मला कळलं की तुम्हाला कुणीही काहीही सांगितलेलं नाही. तुम्ही तुमच्या मनानेच ठरवलंत."

"माझ्या मागे तीच उभी होती," काका म्हणाले. आवाज कुठून तरी खोलातून आला. "नोंदणीच्या दिवशी. मी पुढे, ती मागे. रक्तगट एक. बाई, जन्मभर खिडकीत बसून मी एकच गोष्ट शिकलो. पुढचा बाजूला झाला की मागचा पुढे येतो. माझं काय, माझे दिवस जगून झालेत. तिच्या वयाची पोरं वाऱ्यावर पळतात आणि ती यंत्राला बांधलेली."

"सरळ नको म्हणायचं होतं."

"नको म्हटलं असतं तर ताईंनी हिला फोन केला असता. आणि हिच्यापुढे मी आजवर कधी जिंकलोय?" ते पुढे वाकले. "बाई, मला एकच सांगा. मी बाजूला झालो, मग चिमणी पुढे का नाही आली? कुणी घुसलं ना मधे?"

बाईंनी कठीण गोष्टी हजारो मुलांना समजावल्या होत्या. ही सगळ्यात कठीण होती.

"कुणी घुसलं नाही, काका. ती रांगच नव्हती. दर किडनी आपला क्रम घेऊन येते. ही तुमच्याशी जुळत होती, त्या मेहुण्याशी जुळत होती. चिमणीशी नव्हती. तुम्ही बाजूला झालात, पण तिच्यासाठी नाही."

काका नुसते बघत राहिले. रांग मोडणाऱ्याकडे बघायचे तसं असेल कदाचित. पण समोर तसा कुणी नव्हता.

"म्हणजे फुकटच," ते म्हणाले.

"एक माणूस जगला."

"हो. तेही खरंच." मग ते म्हणाले, "ताईंना घरी बसवलंय हे माहीत होतं मला. रोज ठरवायचो, जाऊन सांगावं. पण मी फोन केला हे निघालं असतं, आणि त्या पोरीचं नाव कापलं असतं. तिला वाटलं असतं..."

"तिला वाटतंय की तुम्ही तिच्यावर रुसलात. तिचं नाव कुणी कापत नाही. तिची किडनी येईल तेव्हा तिचाच क्रम घेऊन येईल. तिथे कदाचित तुम्ही तिच्या पुढे नसालही. तुमचीही थांबलेली वर्षं कुणी पुसलेली नाहीत. पण ताई उद्या चोर ठरतील. आणि त्यांच्या शब्दावर हो म्हणणारी घरं नाही म्हणतील. मग ना तुमचा फोन वाजेल, ना तिचा."

काका उठायचा प्रयत्न करू लागले. "सांगतो. उद्या येतो. पण बाई, हिला मात्र..."

स्वयंपाकघराच्या दारात बशी वाजली. काकू उभ्या होत्या. हातातला चहा केव्हाच निवला होता.

७

शुक्रवारी समितीच्या खोलीबाहेर गर्दी होती. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या, गुन्हेगारासारख्या. डॉक्टर येरझाऱ्या घालत होते. बाईंनी त्यांना जवळ बोलावून कानात दोनच वाक्यं सांगितली, तसे ते कानापर्यंत लाल झाले.

"चहा?" ते पुटपुटले. "बाई, मी तर गरम पाणी धरायचो."

"म्हणूनच तुला ओळखायला हवं होतं. आत हेच सांग. लाजू नकोस."

काका-काकू आले ते एकमेकांशी न बोलता. काकूंचे डोळे सुजलेले होते. वाटेत रिक्षात त्या एकदाच बोलल्या होत्या, असं काकांनी नंतर बाईंना सांगितलं: माझ्या वाट्याच्या वर्षांचं तुम्ही एकट्याने कसं काय ठरवलंत?

काका ताईंसमोर थांबले आणि हात जोडले. ताईंना काही कळेना. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं आणि त्यांनी काकांचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले. आजही ते थंडच होते.

"ताप नव्हताच ना, काका?"

"नव्हता, पोरी."

दार उघडलं. शिपायाने पुकारा केला. आत वकील, समितीतले डॉक्टर, केंद्राचा अधिकारी सगळे वाट बघत होते. दारापाशी येताच सवयीने काकांनी अंग चोरलं, बाजूला सरकले आणि हाताने वाट दाखवली. "बाई, आधी तुम्ही."

बाई पुढे होणार, तोच मागून काकूंचा हात आला आणि काकांच्या पाठीवर ठाम टेकला.

"अहो," काकू म्हणाल्या, "आता तरी कुणाला पुढे जाऊ देऊ नका."

काका आत गेले.